जेवणासकट पास

पास पिवळ्या कागदाचा होता आणि त्याला खाली एक शेपूट होतं. शेपटावर ‘भोजन’ असा जांभळा शिक्का. दारावर वरचा तुकडा फाडून घ्यायचे, आणि ते शेपूट जपून ठेवून जेवणाच्या हॉलच्या दाराशी द्यायचं. चव्वेचाळीस मुलांचे आणि आम्हा दोन शिक्षकांचे असे पास मी आठवडाभर आधी स्वतः जाऊन, रोख पैसे भरून आणले होते.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी कोल्हारपासून थोड्या अंतरावरच्या एका शाळेत सहावीला शिकवत होते. नोकरीचं तिसरंच वर्ष. शिर्डीच्या अलीकडे एका बागायतदाराने रस्त्याकडेच्या शेतात पाण्याची बाग काढली होती. उंच घसरगुंड्या, लाटा उठवणारा हौद, प्लॅस्टिकची ताडाची झाडं. पुढे चार-पाच वर्षांत ती बंदही पडली, पण तेव्हा आसपासच्या शाळांमध्ये तिचीच चर्चा होती.

हेडमास्तरांचा विरोध बागेला नव्हता, जेवणाला होता. ते म्हणाले, “बाई, पाण्यात खेळायचे पैसे मी समजू शकतो. जेवणाचे वरून पंचवीस रुपये कशाला? पोरं घरून भाकरी आणतील. दरवर्षी आणतात.”

मी म्हणाले, “सर, उन्हाळा लागलाय. डबे विटतात. गरम जेवण मिळेल, कोणी आजारी पडणार नाही.”

हे खरं कारण नव्हतं. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. आदल्या वर्षी आमची सहल नेवाशाला गेली होती. दुपारी मंदिराबाहेर डबे उघडले आणि मी बघत राहिले. बागायतदारांची मुलं एका लिंबाखाली बसली, मजुरांची दुसरीकडे, आणि आमच्या बौद्ध घरांतली चार मुलं पायऱ्यांवर. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. रांगेत हातात हात धरून आलेली मुलं डबा उघडताच आपसूक वेगळी झाली. मीही अशाच पायऱ्यांवर बसून मोठी झाले होते. सहावीत असताना सहलीत मी शेंगदाण्याची चटणी मैत्रिणीपुढे केली, तेव्हा ती हळूच म्हणाली होती, “आई रागवंल.” तिने ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. म्हणून तर ते लक्षात राहिलं.

तेव्हा मला एकच हवं होतं. एकाच भट्टीवरचं अन्न, एकसारखी ताटं, एक ओळ. त्यासाठी पंचवीस रुपये मला जास्त वाटत नव्हते. पालकांच्या सभेत मी तासभर बोलले आणि सगळ्यांना पटवलं. ‘कोणीही डबा देऊ नये’ असंही चिठ्ठीत लिहून पाठवलं.

एक मुलगी मात्र वेगळी होती. अकरा वर्षांची, हडकुळी, हुशार, लांबलचक वेणीची. तिला साखरेचा आजार होता. मोठ्या माणसांना होतो तो नाही, लहानपणी होतो तो. तिची आई रोज सकाळ-संध्याकाळ तिला इन्शुलिनची सुई द्यायची. गावात कोणी अशी मुलगी पाहिली नव्हती. तिला आजवर एकाही सहलीला पाठवलं नव्हतं.

हेडमास्तर म्हणाले, “तिला नको. काही झालं तर निस्तरायचं कोणी?”

“मी जबाबदारी घेते,” मी म्हणाले.

“तोंडी नको. लिहून द्या.”

मी लिहून दिलं आणि खाली सही केली.

तिच्या घरी परवानगी मागायला मी दोनदा गेले. मोठं शेतकरी घर, दारात ट्रॅक्टर. दोन्ही वेळा मी ओसरीवर बसले, दोन्ही वेळा चहा ओसरीवरच आला. दुसऱ्या वेळी तिची आई म्हणाली, “धाडते. पर मी सांगते तसंच करा.”

सहलीच्या सकाळी सव्वासातला शाळेसमोर प्रासंगिक कराराची एस.टी. उभी होती. तिची आई डबा घेऊन आली. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, फडक्यात बांधलेला. तिने तो मुलीकडे न देता माझ्या हातात दिला.

“बाई, आत्ताच सातला सुई दिलीय, न्याहारी झालीय तिची. धा वाजता तिला बिस्किटं द्या, ती तिच्या पिशवीत हायेत. आन हा डबा बाराच्या आत. तुमचं तिथलं जेवान मागनं खाऊ द्या न्हाईतर नको, पर हा डबा बाराच्या आत. घाम आला, हात कापाया लागलं, उगं चिडाया लागली, तर काय न बघता आधी साखर. पिशवीत ग्लुकोजचा पुडा हाय.”

“बाराच्या आत,” मी म्हणाले.

“उशीर नगा करू,” ती म्हणाली, आणि गाडी सुटेपर्यंत हलली नाही.

सगळे जमून गाडी सुटायलाच नऊ वाजून गेले. दहा वाजता चालत्या गाडीत मी मुलीला बिस्किटं दिली. साडेदहाला पोचलो. बागेच्या दाराशी खाकी कपड्यातला रखवालदार टेबल मांडून बसला होता. त्याने पास फाडायला सुरुवात केली आणि मुलांच्या पिशव्या चाचपल्या. माझ्या चिठ्ठीला न जुमानता सात-आठ घरांनी डबे दिलेच होते. त्याने ते एकेक काढून टेबलावर ठेवले.

“पाटी वाचा बाई,” तो म्हणाला. “भाईरचं खानं आत न्यायचं न्हाई. जाताना घिऊन जा.”

पाटी खरंच होती, मोठ्या लाल अक्षरांत. आता जे लिहिते आहे ते आजवर मी फार थोड्यांना सांगितलं आहे. ती पाटी वाचून मला बरं वाटलं. डबे बाहेरच राहणार, म्हणजे सगळे एका ओळीत बसणार. मला जे चिठ्ठीने जमलं नव्हतं ते त्या रखवालदाराने करून दिलं.

मग त्याने माझ्या हातातला डबा बघितला.

“हा एका आजारी मुलीचा आहे,” मी म्हणाले. “तिला वेळेवर खावं लागतं.”

“डाक्टरची चिठ्ठी हाय का?”

“नाही.”

“मग कसं सोडू? ह्ये बाकीचे काय म्हनतील? आन तुमच्या पासात जेवान हाय की बाई. पैशे भरलेत ना तुमी?”

मागे चव्वेचाळीस मुलं ढकलाढकली करत होती. माझ्याबरोबर आलेले हेडमास्तर रांगेच्या टोकाला होते. ज्यांचे डबे काढून घेतले होते ती मुलं माझ्याकडे बघत होती. माझ्या मनात आलं, हा एक सोडवून घेतला तर बाकीचे सात कोणत्या तोंडाने अडवू? जेवण तर आत आहेच. मी डबा टेबलावर ठेवला.

मुलगी शेजारीच होती. तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आत गेल्यावर कपडे बदलायचे आणि पिशव्या एका खोलीत जमा करायच्या. तिथल्या माणसाने खोलीला कुलूप लावलं, मला पितळी बिल्ला दिला आणि किल्ली घेऊन तिकिटाच्या खिडकीकडे निघून गेला. त्या पिशव्यांत ग्लुकोजचा पुडाही होता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पावणेबाराला मी जेवणाच्या हॉलकडे गेले. दाराला साखळी होती. आत टेबलं मांडली होती, मागून तळणाचा वास येत होता. दाराशी व्यवस्थापक खुर्ची टाकून बसला होता.

“जेवण किती वाजता?”

“एक.”

“एक?” पास आणताना वेळ विचारायची मी विसरले होते. “एका मुलीला आत्ता हवंय. बारापर्यंत तरी. तिचं शेपूट घ्या आणि एक ताट द्या.”

“बाई, एकाला चालू केलं की चाळीस येतात. ताटं मोजून लागतात.”

“दुसरीकडे काही विकत मिळेल का? बिस्किटं, काही?”

“चहाचा स्टॉल चारला उघडतो. आत दुसरं काही नाही. म्हणून तर जेवणाचा पास ठेवलाय.”

“ती आजारी आहे हो. तिला साखरेचा आजार आहे.”

तो पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “आजारी पोराला पाण्यात कशाला आणलं मग?”

दारावर जाऊन डबा मागावा असं मनात आलं. पण दार बागेच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि हौदाकाठी एकटे हेडमास्तर. त्यांना पोहता येत नव्हतं. मी वळून पाहिलं. मुलगी घसरगुंडीवरून खाली आली, पाण्यात बुडाली, वर आली आणि हसली. आयुष्यात पहिल्यांदा ती सगळ्यांसारखी होती. मी स्वतःला म्हटलं, हसतेय म्हणजे बरी आहे. एक तासाचा तर प्रश्न आहे. फार तर साडेबाराला पुन्हा विचारू.

माझ्या हातून झालेली चूक ही. डबा दारावर ठेवला ती नव्हे. ती घाई होती, ही निवड होती.

त्यानंतर मी तिच्यावरून नजर हटवली नाही, असं मला वाटत होतं. पण मी घाम बघत होते, आणि पाण्यातल्या मुलीचा घाम दिसतो कुठे? हात कापतात का ते बघत होते, तर थंड पाण्याने सगळ्यांचेच कापत होते. सव्वाबारा झाले असतील. घसरगुंडीच्या पायऱ्यांवर गलका झाला. दोन मुली रडत माझ्याकडे आल्या.

“बाई, ती मारतीय. वाटंत बसलीय आन उठंना.”

मी वर गेले. ती पायरीवर फतकल मारून बसली होती. मी तिला दरडावलं. होय, दरडावलं. “हे काय चालवलंयस? ऊठ आधी.” तिने माझा हात झटकला आणि काहीतरी शिवी पुटपुटली. त्या मुलीच्या तोंडून मी कधी वावगा शब्द ऐकला नव्हता. मी तिची हनुवटी वर केली. डोळे उघडे होते, पण ते माझ्यावर थांबत नव्हते.

‘उगं चिडाया लागली तर’ हे शब्द मला तेव्हा आठवले.

मी तिला उचललं. उंचीने ती माझ्याहून फार कमी नव्हती, पण मी कशी खाली आले ते आठवत नाही. हेडमास्तर धावत आले. मी ओरडले, “सर, पिशव्यांच्या खोलीची किल्ली,” आणि बिल्ला त्यांच्याकडे फेकून हॉलच्या मागच्या बाजूला पळाले, कारण ते जवळ होतं. मागचं दार उघडं होतं. आत चुलाण पेटलं होतं आणि एक पोक्त बाई जिलेबीचा पाक ढवळत होती.

“साखर द्या,” मी म्हणाले. “साखर, साखर.”

तिने मला काही विचारलं नाही. मुलीकडे एकदा पाहिलं, पोत्यातून वाटीभर साखर काढली, तिच्यावर पाणी शिंपडून बोटांनी कालवली. मी वाटी घेऊन मुलीच्या तोंडाशी लावणार, तोच तिने माझं मनगट धरलं.

“आसं वतू नका. ठसका लागंल. कुशीवर घ्या तिला. गालात चोळा जरा जरा.”

ती स्वतः खाली बसली, मुलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटाने साखर गालाच्या आत चोळू लागली. मी हात धरून बसले. हात गार होता. व्यवस्थापक दारात येऊन उभा राहिला होता. मी मनात आकडे म्हणू लागले, का कोण जाणे. दोनशेपर्यंत म्हटले असतील, मग विसरले, पुन्हा एकपासून सुरू केले.

“माज्या सासऱ्याला हुतं आसं,” ती बाई म्हणाली. “सुदीवर येतीया. बघा, गिळाया लागली.”

मुलीने खरंच घोट गिळला. मग दुसरा. मग तिने ओठ चाटले. तोवर हेडमास्तर ग्लुकोजचा पुडा घेऊन आले, धापा टाकत, किल्लीवाला त्यांच्या मागे. पाव तासाने ती उठून बसली आणि ओल्या फ्रॉककडे बघून म्हणाली, “मी हितं कशी?”

ती बाई उठून पुन्हा पाकाकडे गेली. पाक थोडा लागला होता. तिचे मी आभार मानले की नाही, तेही मला आठवत नाही.

मुलीला लगेच तिथेच ताट वाढलं. व्यवस्थापकाने स्वतः आणलं. शेपूट मागितलं नाही.

एक वाजता साखळी निघाली. मुलं आत आली, हाताला येईल तिथे बसली, शेपटं दिली. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, एकेक जिलेबी. मुलगीही आपली जिलेबी घेऊन त्यांच्यात जाऊन बसली. वाढप्याला कोण कोणाचं हे ठाऊक नव्हतं, त्याने सगळ्यांना सारखंच वाढलं. आमच्या बौद्ध घरांतला एक मुलगा एका बागायतदाराच्या मुलाशेजारी बसला होता आणि दोघं जिलेबीवरून भांडत होते. शेवटी त्यांनी ती मोडून निम्मी निम्मी खाल्ली. हेच बघायला मी सगळं केलं होतं. मी ते बघितलं आणि माझ्याच्याने एक घास गिळवला नाही.

दुपारभर मुलगी माझ्याजवळ बाकावर बसून राहिली. तिला पाण्यात जाऊ दिलं नाही. ती रडली नाही, मुलींशी बोललीही नाही. निघताना डबे परत मिळाले. तिचा डबा उन्हात टेबलावर तापून निघाला होता.

परतीच्या गाडीत हेडमास्तर माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता सहीवरून बोलतील. ते खिडकीबाहेर बघत हळू आवाजात म्हणाले, “पोर ठीक आहे. घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी काही पाहिलं नाही.”

ते मला वाचवत होते. त्यांनी रागावायला हवं होतं, असं मला वाटलं.

ते उठल्यावर मुलगी आली. “बाई, आईला नगा सांगू.”

“का गं?”

“पुन्हा कुठंच धाडणार न्हाई ती मला.”

“आणि मी नाही सांगितलं तर?”

तिच्या मैत्रिणी मागे गाणी म्हणत होत्या. ती माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. राहाता गेलं, लोणी गेलं. प्रत्येक गावाला माझं मत बदलत होतं. सांगितलं नाही तर ही पुन्हा सहलीला येईल, माझी नोकरी सुरळीत राहील, हेडमास्तर गप्प राहतील. आणि त्या आईला वाटेल, बाईंवर भरवसा ठेवता येतो. पुढच्या वेळी ती पुन्हा डबा माझ्याच हातात देईल. मला भीती वाटली ती याचीच.

शाळेसमोर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. तिची आई पहिल्याच ओळीत उभी होती. तिने आधी मुलीचा चेहरा पाहिला, मग माझा. मला वाटतं तिला तिथेच कळलं.

मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पाटी, डबा, व्यवस्थापक, मी थांबले ते, मी दरडावलं ते. साखर देणारी बाई. सरांचं नाव कुठे घेतलं नाही.

“किती वाजले हुते?” तिने विचारलं.

“सव्वाबारा.”

ती ओठ हलवत हिशेब करत राहिली. सातची सुई, दहाची बिस्किटं, पाणी. “पानी,” ती म्हणाली. “पान्यात खेळली म्हंजी बारा बी उशीरच की. साडेअकरा सांगाया पायजे हुतं मी.”

मला वाटलं होतं ती मला बोल लावेल. तिने डबा मागितला. फडकं सोडून झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा बंद केलं. मग मुलीचा हात धरून ती चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही.

चार दिवस मुलगी शाळेत आली नाही. हजेरी घेताना तिच्या नावाशी मी रोज अडखळायचे. हेडमास्तर विचारायचे नाहीत. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुलीच्या घरी गेले. ओसरीवर कोणी नव्हतं. मी हाक मारली, तर आतून आवाज आला, “आत या.”

मी उंबऱ्याशीच थांबले. पुन्हा आवाज आला, “या की बाई. हात गुतलाय माझा.”

स्वयंपाकघरात ती भाकरी थापत होती. मुलगी भिंतीला टेकून गणितं सोडवत होती. चांगली दिसत होती. आईने तवा खाली उतरवला, हात धुतले आणि मला पाट दिला.

“तिला ताप हुता दोन दिस,” ती म्हणाली. “मग मीच न्हाई धाडली. राग हुता. तुमचा बी, माझा बी.”

“उद्यापासून पाठवा. मी कुठे नेणार नाही तिला.”

“आसं कसं? सहल तर व्हनारच की दरसाल.” तिने पदराला हात पुसले. “ती आली त्या दिवशी काय बोलली सांगू? म्हनली, आई, मी जिलेबी खाल्ली, समद्यांच्या मधी बसून. तुमी तिथं आमच्या पैशाचं जेवान दिलं, ते काय वाया न्हाई गेलं. पर ते घड्याळाचं जेवान हाय. हिचं घड्याळ येगळं हाय.”

पास घ्यावा की नाही, याचं याहून नेमकं उत्तर मला नंतरही कोणी दिलं नाही. पुढच्या वर्षांत मी अनेक सहली काढल्या. जिथे जमलं तिथे सगळ्यांना एकच जेवण, आणि पैसे भरायच्या आधी वेळ विचारायची, डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवायची, जिच्या पोटाचं गणित वेगळं तिचं खाणं तिच्याच हाताशी.

पण त्या संध्याकाळी आईच्या मनात सहलीपलीकडचं काही होतं. माठाजवळ ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्शुलिनची बाटली तिने काढली, काचेची पिचकारी काढली, टोपलीतून एक मोसंबी घेतली आणि माझ्या हातात दिली.

“दरवेळी मी कुठं येनार तुमच्या संगं? आन पुढं ही हायस्कूलला जाईल, तिथं बी कुनीतरी लागंल. तुमी शिका.”

पिचकारीत तिने आधी नुसतं पाणी भरलं. मी मोसंबीत सुई खुपसली. वाकडी गेली. दुसऱ्यांदा पाणी बाहेर सांडलं. आठ-दहा वेळा केल्यावर ती म्हणाली, “बास. आता खरी,” आणि सुई बदलून तिने बाटलीतलं इन्शुलिन मोजून भरलं. मुलीने वही मिटली, बाही वर केली आणि दंड पुढे केला. मी लांबूनच हात ताणून सुई पुढे नेली. आई मध्ये पडली नाही. तवा पुन्हा चुलीवर ठेवायला ती मुद्दामच पाठमोरी झाली असावी.

“बाई,” मुलगी म्हणाली, “इतकं लांबनं न्हाई टोचत. जवळ या.”